उसाच्या जाळीवरचा नाताळ

२४ डिसेंबर १९९६, मंगळवार. स्थळ : कडोदऱ्याजवळ, कांतिभाईंच्या उसाच्या शेताचा बांध. हजर : मी, आमचे हे, माझा धाकटा भाऊ दिलीप, विणकाम कारखान्याचे मॅनेजर कांतिभाई, आमच्याकडे पाठ करून, आणि पीटर साहेब, मूळ मुक्काम ऑस्ट्रेलिया. शिवाय बर्फाच्या खोक्यात डुकराची एक तंगडी, खारवलेली, धुरी दिलेली, वजन अंदाजे सहा किलो. गैरहजर : कारखान्याचे शेठ, ठरवून.

माझ्या त्या सालच्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. त्या वेळी मी सुरतेत, उधन्याला खानावळ चालवत असे. साठ माणसं दोन वेळा जेवायची. कोण रात्रपाळीला, कोणाचा सोमवार, कोणाला हरभऱ्याची डाळ बाधते, हे सगळं डोक्यात ठेवलं असतं तर डोक्यात दुसरं काही मावलं नसतं. म्हणून वही. खानावळ बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली, वह्या अजून चालू आहेत. आमचे हे म्हणतात, ही झोपताना उद्याच्या स्वप्नांची यादी करते. करत नाही. पण केली तर वाईट काय?

सुरतेचा डिसेंबर मला आधी वासावरून कळतो. तापीकाठी पोंकवाल्यांच्या, म्हणजे हुरडेवाल्यांच्या, भट्ट्या लागतात आणि कोवळ्या ज्वारीचा हिरवा, दुधाळ धूर पुलावर येतो. बारडोलीकडून नवा गूळ येतो, त्याला दुकानात ठेवलं तरी शेताचा वास असतो. गल्लीत पतंगाचा मांजा रंगवायला खांबाखांबांना दोरे बांधतात आणि चिकट गुलाबी रंग स्कूटरच्या आरशांवर उडतो. आणि आमच्या खानदेशी वस्तीत याच दिवसांत संध्याकाळी घरोघरी वांगी भाजतात. इतकी वर्षं इथे राहून मला अजून वाटतं, सुरतेची थंडी ही खरी थंडी नव्हेच. गावाकडून कोणीतरी पाठवलेला थंडीचा नमुना आहे. स्वेटर घालावा तर घाम येतो, न घालावा तर शेजारीण विचारते, "बेन, स्वेटर नथी?"

या हवेत मला हटकून ती तंगडी आठवते.

दिलीपचा साखरपुडा त्या दिवाळीत झाला होता. मुलगी पारोळ्याकडची, सुनंदा. तिचे वडील तात्या. माणूस प्रेमळ, पण शब्दाचा पक्का, आणि समोरच्यानंही पक्कं असावं अशी अपेक्षा. त्यांनी साखरपुड्यात सगळ्यांसमोर दोन अटी घातल्या. एक, मुलाचं काम पक्कं पाहिजे. दोन, मुलानं आजपासून मांसमच्छी सोडली पाहिजे. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी खाल्लेली नाही. दिलीपनं दोन्ही वेळा त्यांच्या हातावर हात ठेवला. सुनंदा दाराआडून बघत होती. तिसरी अट असती तर तिच्यावरही त्यानं हात ठेवला असता.

दुसरी अट दिलीपच्या हातातली होती. पहिली नव्हती. त्यानं उधन्याचे जुने माग सोडून कडोदऱ्याच्या नव्या कारखान्यात नाव लावलं होतं. परदेशी यंत्रं आली होती, ती चालू झाली की बारा जणांना कायमचं काम. पण यंत्रं प्लास्टिकच्या बुरख्यात उभी होती आणि ती चालू करायला कंपनीनं पाठवलेला एकच माणूस होता, तो म्हणजे पीटर साहेब. साडेसहा फूट उंच, लाल, केस पांढरे. बसला की खुर्ची दिसेनाशी व्हायची. त्याचं काम अर्ध्यावर आलं होतं आणि पंचवीस तारखेचं त्याचं घरी जायचं तिकीट होतं. गेला असता तर मधे दुसऱ्या देशातलं काम करून तो थेट होळीनंतर उगवणार होता. इकडे तात्यांचं कार्ड आलं : "यंत्र चालू झाल्याचे कळवावे, म्हणजे माघातली तिथी काढू. न झाल्यास चोपड्याचे एक स्थळ विचारत आहे." तात्या कार्डात कधी एक शब्द जास्त लिहीत नसत.

आणि मग एका दुपारी कांतिभाई खानावळीत आले. कधी आत न येणारे कांतिभाई, कारण आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मटण असे. रुमाल नाकाशी धरून ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

"शोभाबेन, साहेब रोकाई जशे. थांबेल. पण एक शर्त छे."

पीटर साहेबाचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या देशात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. सगळं घर अंगणात जमतं आणि डुकराच्या मांडीला गोड लेप लावून ती उघड्यावर, निखाऱ्यांवरच्या जाळीवर भाजतात. कंपनीच्या कामामुळे गेले चार नाताळ त्यानं युरोपातल्या बर्फात, हॉटेलच्या खोल्यांत काढले होते. सुरतेत डिसेंबरचं ऊन बघून त्याला घर आठवलं. इथे तसा नाताळ जमला तर तिकीट रद्द, यंत्रं चालू करूनच जाणार. नाही जमला तर नमस्कार. शेठ कांदासुद्धा खात नसत. ते कांतिभाईंना एवढंच म्हणाले, की त्याला जे हवं ते करा, कारखान्याच्या भिंतीबाहेर करा आणि मला सांगू नका.

"आणि तुम्ही?" मी कांतिभाईंना विचारलं. "तुम्हीही खात नाही. इंग्रजी तर तुम्हालाच येतं."

"हुं उभो रहीश. जोईश नहीं." उभा राहीन, बघणार नाही. "अने बेन, ए वस्तुनुं नाम मारी आगळ लेता नहीं."

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव पडलं पार्सल.

डुकराचं मांस आमच्या घरात कोणी शिजवलेलं नव्हतं. मी मटण करते, कोंबडी करते, तापीचे मासे करते, पण हे नाही. आमचे हे म्हणाले, "तू रांध, मी वारा घालस." म्हणजे मदतीला आहे, पण पंख्याच्या अंतरावरून. दिलीप मात्र दोन दिवस माझ्या मागेमागे फिरत होता. "ताई, मन्हं लगीन डुक्करना तंगडीवर टांगेल शे," असं तो म्हणाला तेव्हा मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण ते खरं होतं.

मी यादी केली. पीटर साहेबानं कृतीचा कागद दिला होता. फिटर माणूस, त्यानं तंगडीचं रेखाचित्र काढलं होतं, वरून, बाजूनं आणि कापून. सालीखालच्या चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा, दोन चिरांमध्ये पाऊण इंच, प्रत्येक चौकटीत एक लवंग. लेपासाठी तपकिरी साखर, मोहरीची पेस्ट, संत्र्याचा रस. मी साखरेच्या जागी नवा गूळ लिहिला, मोहरी पाट्यावर वाटली, संत्री आमच्या नागपूरवाल्या भाडेकरणीनं आणली. विटा चोवीस. कोळसा एक पोतं. पाण्याच्या बादल्या दोन, कारण शेजारी उसाचा फड उभा होता. सांडशी, उलथनं, विळा, जुनी धोतरं. माझ्या हातांसाठी दुधाच्या पिशव्या धुऊन चार. आणि "जाळी", तिच्यापुढे नाव लिहिलं : दिलीप.

पार्सल सकाळच्या गाडीनं मुंबईहून आलं. आमचे हे ते स्टेशनवरून रिक्षात घेऊन आले. रिक्षावाल्यानं विचारलं, काय आहे? हे म्हणाले, मशीनचा पार्ट. एका अर्थानं खोटं नव्हतं.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन अंगावर यायला लागलं होतं, पानांवरचं दव सुकत होतं आणि लांबून हायवेच्या ट्रकांचा आवाज येत होता. पीटर साहेब अर्ध्या चड्डीत, डोक्यावर कागदाची लाल टोपी. ती त्यानं कारखान्यातल्या सुताच्या पुठ्ठ्यांवरच्या कागदाची केली होती. इतक्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता. मी विटांची चूल रचली. निखारे झाले. मग दिलीपनं पोत्यातून त्याची जाळी काढली.

ती मागाची फणी होती. जुन्या मागावरची, भंगारात काढलेली. ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी : फणी म्हणजे लांबलचक कंगवा, पोलादी तारांचा, दोन्ही बाजूंनी बंद, ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक दोरा तिच्या तारांमधून जातो. दिलीपची ती फणी घासून आरशासारखी झाली होती. यांनी ती हातात घेऊन वाकवून पाहिली. पीटर साहेबानं तर चष्मा लावून पाहिली आणि दिलीपच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. कांतिभाईंनी पाठ न वळवता भाषांतर केलं, "साहेब कहे छे, पहेला नंबर."

मागावर आयुष्य घालवलेले तिघं, आमचे हे, दिलीप आणि पीटर साहेब, त्या फणीभोवती उभे होते. फणीच्या तारा दोन्ही टोकांना कशानं बसवलेल्या असतात, हे तिघांनाही माहीत होतं. डांबरात बुडवलेल्या दोऱ्यानं. तिघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. मला माहीतच नव्हतं. मी पार्सल तिच्यावर साल खाली करून ठेवलं, आधी नुसतं गरम व्हायला.

पहिली दहा मिनिटं सुंदर गेली. पीटर साहेब त्याच्या गावाबद्दल सांगत होता. आई, पाच भावंडं, अंगणातलं झाड, आणि जेवण झालं की सगळ्यांनी समुद्रात उड्या मारायच्या. कांतिभाई उसाला उद्देशून सगळं गुजरातीत सांगत होते. मग काळा धूर आला.

"रस्त्याचं काम चाललंय का कुठं?" हे म्हणाले.

दिलीपनं फणीकडे पाहिलं आणि त्याचा रंग गेला. डांबर वितळून थेंबथेंब निखाऱ्यावर पडत होतं आणि प्रत्येक थेंब भडका घेत होता. दोरा सुटला. तारा एकेक करून, टिणटिण आवाज करत निसटल्या, आणि सहा किलोचं पार्सल हळूच, एखाद्या म्हशीनं डबक्यात बसावं तसं, निखाऱ्यांत बसलं.

"शुं थयुं? शुं थयुं?" कांतिभाई उसाला विचारत होते.

मी सांडशीनं आणि उलथन्यानं ते बाहेर ओढून धोतरावर घेतलं. खालची बाजू पूर्ण काळी, डांबराचा दर्प नाकात जाणारा. पीटर साहेबानं कागदाची टोपी काढली. विटेवर बसला. मग हातातल्या घड्याळाकडे बघून काहीतरी पुटपुटला. कांतिभाईंनी या वेळी भाषांतर केलं नाही. मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "पूछे छे, मुंबईनी गाडी केटला वागे." मुंबईची गाडी किती वाजता.

दिलीप माझ्याकडे बघत होता. लहानपणी विहिरीत पोहरा सोडून दोर हातातून निसटला होता, तेव्हा तो असाच बघत होता.

अशा वेळी लोक धीर देतात, देव आठवतात. मला फक्त पुढचं काम दिसतं. मी त्या काळ्या बाजूवर बोटानं टकटक केलं. कडक होती. आणि मला वाटलं, अगं, हे तर वांगं आहे. भरताचं वांगं बाहेरून कोळसा झालं तरच आतून चांगलं होतं. काळी साल उतरवली की काम झालं. साहेबाच्या चित्रात तसंही "साल काढणे" हे दुसरं कलम होतं. हातांवरच्या पिशव्या उष्णतेनं सुरकुतायला लागल्या होत्या, त्या काढून टाकल्या. विळ्यानं कडेला चीर दिली आणि जाड साल एका बाजूनं ओढली. ती डांबर, राख, दोन चिकटलेल्या तारा असं सगळं घेऊन गोधडीसारखी निघाली. खाली चरबी पांढरीशुभ्र. पीटर साहेब विटेवरून उठला.

आता जाळी हवी होती. यांनी सायकलचं कॅरिअर सुचवलं. त्याला रंग होता, नको म्हटलं. माझ्याकडचा विळा मी दिलीपच्या हातात दिला आणि फडाकडे बोट दाखवलं. तो धावला. खटाखट उसाची दहा कांडी पडली.

कांतिभाई पहिल्यांदाच वळले. "अरे, मारी शेरडी!" शेरडी म्हणजे ऊस. आणि वळल्याबरोबर पार्सल दिसलं, म्हणून दोन्ही हातांनी डोळे झाकून पुन्हा ओरडले, "मारी शेरडी!"

"कांतिभाई, दहाच कांडी घेतली. लग्नाचा आहेर समजा."

"कोनां लगन?"

"दिलीपचं."

ते डोळे झाकलेलेच ठेवून म्हणाले, "डाबी बाजूनी लो. ए जाडी छे." डावीकडची घ्या, ती जाड आहेत.

विटांवर ओला ऊस शेजारीशेजारी मांडला. हिरवा ऊस लगेच जळत नाही. आधी शिट्टी वाजवतो. टोकांतून रस उकळून फेसाळायला लागला, पेराची साल तडकायला लागली, आणि निखाऱ्यावर पडणारा प्रत्येक थेंब काकवीचा वास घेऊन वर यायला लागला. मी चिरा पाडल्या. पीटर साहेब मोजपट्टी घेऊन बसला. पाऊण इंच म्हणजे पाऊणच. लवंगा दिलीपनं टोचल्या, सूत ओवणाऱ्या बोटांनी, एक वाकडी नाही. मी गुळाचा लेप लावत गेले, एक थर, दुसरा थर, तिसरा थर, कांडी काळी पडली की नवी सरकवत. कांतिभाई मधूनमधून सांगत, "साहेब कहे छे, पार्सल फेरवो." हे वारा घालत होते, ठरलेल्या अंतरावरून. दुपार कलायला लागली तेव्हा वरचा लेप गोकुळाष्टमीच्या मडक्यासारखा तांबूस चकाकत होता आणि सगळ्या बांधावर गूळ, मोहरी आणि संत्र्याच्या सालीचा वास भरला होता. त्या वासात मला क्षणभर ते काय आहे याचा विसर पडला, हे मी लपवत नाही.

पीटर साहेबानं पहिला काप कापला. ताटलीत ठेवला. आणि ताटली माझ्यापुढे धरली.

कांतिभाई म्हणाले, "कहे छे, एना घरे रांधनार पहेला खाय. जो रांधतो तो पहिला खातो. नहीं तो नाताळ थाय नहीं."

माझ्या खानावळीचाही हाच नियम होता. मी चाखल्याशिवाय पंक्तीला काही गेलं नाही. पण माझा हात पुढे होईना. यांनी एकाएकी निखारे तपासायला घेतले. पीटर साहेबाचा हात तसाच पुढे, चेहऱ्यावरचं हसू तसंच, पण कडेनं विरायला लागलेलं. माणूस चार वर्षांनी घरी पोचतो आणि दार कोणी उघडत नाही, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर यायला लागलं होतं.

ताटली दिलीपनं घेतली.

मी म्हटलं, "दिलीप, तात्या."

"माले माहीत शे," तो म्हणाला, आणि खाल्लं. तात्यांची पहिली अट पाळायला त्यानं दुसरी मोडली. डोळ्यांत पाणी आलं. मोहरी चढली होती की दुसरं काही, मी विचारलं नाही.

"कसं शे?" यांनी निखाऱ्यांतून मान वर न करता विचारलं.

"गोड शे."

मग त्यानं दुसरा काप घेतला. तो घ्यायची काही गरज नव्हती. वहीत मी तेव्हाच लिहून ठेवलं आहे : "दिलीप : काप तीन." पीटर साहेब इतक्या जोरात हसला की फडातले बगळे उडाले. त्यानं लाल टोपी दिलीपच्या डोक्यावर घातली, स्वतःसाठी रुमालाची केली, आणि एकट्यानं, उभ्याउभ्या, पोटभर नाताळ केला. समुद्र नव्हता म्हणून शेवटी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसला. कांतिभाईंनी आणलेली पोंकाची पुडी आम्ही बाकीच्यांनी खाल्ली. कांतिभाई म्हणाले, आज मी काहीच पाहिलं नाही, पण वास, बेन, वासाला डोळे झाकून काय उपयोग?

तिकीट रद्द झालं. संक्रांतीच्या आत यंत्रं चालू झाली. माघात पारोळ्याला लग्न लागलं. पीटर साहेब त्यासाठी मुद्दाम थांबला, फेटा बांधून पंक्तीत मांडी घालून बसला आणि पाच पुरणपोळ्यांनंतर त्याला दोघांनी उठवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दिलीप मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, तात्यासले तूच सांग. मन्हा तोंडतून निंघाव नही." मी म्हटलं, सांगते, त्यात काय. त्या तीन कापांनंतर त्यानं मांसाला हात लावला नाही, आजतागायत. माझ्या ताटातली कोंबडी बघून उठून जातो. मला वाटतं, सांगून झालं असतं तर इतकं कडक राहायची त्याला गरज पडली नसती. त्यामुळे ते काम माझ्याच गळ्यात आहे. एका साली तात्या आजारी होते, म्हणून नको. एका साली नातू झाला, आनंदात कशाला. एका साली मी सुरुवात केली, "तात्या, तुमच्या त्या अटी..." तर ते म्हणाले, "दोन्ही पाळल्या पोरानं. असा जावई मिळत नाही." मी चहा टाकायला उठले.

तात्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. थंडीत महिनाभर लेकीकडे येतात. दिलीप आमच्या वरच्या मजल्यावरच राहतो. काल दुपारी गच्चीत मिरच्या वाळत घालायला गेले, तर पाण्याच्या टाकीमागे तात्या. हातात नानखटाई, मांडीवर पुडा, मिशीवर चुरा. डॉक्टरांनी त्यांचं गोड कडकडीत बंद केलं आहे.

मला बघून ते दचकले नाहीत. पुड्यातली एक माझ्यापुढे केली आणि खाली बसायला जागा दिली.

"डॉक्टरला शब्द दिलेला आहे मी," ते म्हणाले. "हातावर हात ठेवून. चार दिवस पाळला. शोभाताई, शब्द देताना माणसाला भूक लागलेली नसते, हा घोटाळा आहे."

याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हटलं, "तात्या, खरं सांगायचं तर दिलीपनं सुद्धा..."

"दिलीपला तर अजिबात सांगू नका," ते घाईनं म्हणाले. "त्याच्यासमोर मान वर करायची सोय राहणार नाही. त्यानं एवढ्या वर्षांत एकदा तरी शब्द मोडला का? सांगा तुम्ही."

मी नानखटाई तोंडात घातली. तोंड भरलेलं असताना बोलू नये.

ते चुरा झटकून, कठडा धरत जिन्याकडे गेले, आणि मी मिरच्या पसरल्या. संक्रांत करून ते पारोळ्याला जातात. म्हणजे अजून सोळा दिवस आहेत. उद्या सकाळी, त्यांचा बिनसाखरेचा चहा झाल्यावर, दिलीप कामावर गेला की सांगायचं आहे.